दोन्ही चालतं ना?

१७ ऑक्टोबर २०२३ला सकाळपासून सर्वोच्च न्यायालयाचं थेट प्रक्षेपण लावून बसले होते. समलिंगी विवाहाला कायद्यानं मान्यता द्यावी, या याचिकांवर निकाल होता; न्यायालयानं ती दिली नाही. संध्याकाळपर्यंत एका दैनिकाला लेख द्यायचा होता. न्यायमूर्ती पाच, निकालपत्रं चार. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जणांचं एकमत. समलिंगी जोडप्याला दोघांच्या नावानं मूल दत्तक घेऊ द्यावं का, इथे तिघांचं नाही, दोघांचं हो.

पहिला फोन वार्ताहराचा. "मॅडम, तुमचं तर लग्न झालंय, तेही पुरुषाशी. तुम्हाला काय फरक पडतो?" मी बायसेक्शुअल, म्हणजे बाया आणि पुरुष दोन्ही आवडणारी. अशा बाईनं नवरा केला की ती लोकांच्या लेखी 'सुधारते'. चळवळीतलेही काही जण तसंच बघतात. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या 'स्त्री संगम' या बायकांच्या गटानं पुढे 'लेबिया' हे नाव घेतलं, त्यात लेस्बियनांच्या शेजारी बायसेक्शुअल बायका होत्या. तरी आम्हा बायसेक्शुअलांना बोलायला बोलावतात ते सगळ्यांत शेवटी.

दुपारी हेल्पलाइनवर कोल्हापूरकडची एक मुलगी. तिनं घरी मैत्रिणीबद्दल सांगितलं होतं, आणि मुलगेही आवडतात हेही. टीव्हीवर निकाल लागल्या लागल्या आई म्हणाली, "तुला दोन्ही चालतं ना? मग कोर्ट नाही म्हणतंय त्याच्या मागं कशाला लागतीस? पोरगा बघू." मावशीनं तर स्थळही काढलं.

"ताई, फक्त मुलीच आवडतात असं खोटं सांगायला पाहिजे होतं का?"

म्हटलं, नको. आईला विचार, बाबांऐवजी दुसरा कुणी चालला असता, म्हणून तू त्यांना सोडून दिलं असतंस का?

"असं विचारलं तर लाटणंच बसंल पाठीत," ती हसली. मग बराच वेळ रडली.

लेख मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला. ट्रान्स व्यक्ती विषमलिंगी नात्यात असेल तर सध्याच्या कायद्यानं लग्न करू शकते, हेही त्याच निकालात पाचही जणांनी मान्य केलंय. म्हणजे कायदा माणूस बघत नाही, जोडी बघतो. हीच मुलगी मुलाशी लग्न करेल तर वारसा, कुटुंब निवृत्तिवेतन, दत्तक, सगळ्याची वाट मोकळी. मैत्रिणीबरोबर आयुष्यभर संसार केला तरी सरकारदरबारी दोघी परक्या. संपादकांना हा परिच्छेद 'फार तांत्रिक' वाटला. मी दुसरा काढू दिला, हा नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं, की क्विअर (समलिंगी, बायसेक्शुअल, ट्रान्स वगैरे) व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. ते मी कोल्हापूरकडच्या त्या मुलीला पाठवलं. स्थळं अजून येतात म्हणे. खातं दोघींनी उघडलंय.