एक मीटर, चार चुली

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात चुली चार आणि नळाचं कनेक्शन एक. खाली आम्ही पाच जण, मागच्या अंगाला दिरांचं चौघांचं घर, वर दोन भाडेकरू: एक सात जणांचं कुटुंब आणि एक म्हातारं जोडपं. बिल सासऱ्यांच्या नावाने यायचं, ते आम्ही वाटून घ्यायचो. 18 माणसांना महिन्याला साधारण 62 युनिट, म्हणजे 62 हजार लिटर पाणी लागायचं. माणशी दिवसाला 115 लिटर. शहरांसाठीचा सरकारी मापदंडच 135 लिटरचा आहे. उधळपट्टी कुठेच नव्हती, तरी दर उधळ्याचा लागत होता.

नागपुरात घरगुती पाण्याचा दर टप्प्याने चढतो. पहिली 20 युनिट सगळ्यात स्वस्त, मग 21 ते 30, मग 31 ते 80 आणि त्यापुढे सगळ्यात महाग. वरच्या टप्प्यात गेलं म्हणून सगळ्या पाण्याला महाग दर लागत नाही, जेवढं वर गेलं तेवढ्यालाच लागतो. शिवाय दरवर्षी 5 टक्के वाढ. ही पद्धत मला मनापासून पटते. पेंच नदीचं पाणी नवेगाव खैरीच्या धरणातून आणायचं, गोरेवाड्यात शुद्ध करायचं, टाक्यांत चढवायचं, याला पैसा लागतोच. पिण्या-आंघोळीपुरतं पाणी सगळ्यांना परवडावं आणि बंगल्याच्या लॉनवर पाइप सोडणाऱ्याने जास्त मोजावं, हे रास्तच आहे. पाच जणांच्या घराला 135 लिटरने महिन्याला साधारण 20 युनिट लागतात. म्हणजे पहिला टप्पा अशा घराला बरोबर पुरतो.

पण टप्पा मोजतात मीटरमागे, चुलीमागे नाही. त्यामुळे आमच्या 62 पैकी 32 युनिट तिसऱ्या टप्प्यात जात. एकाच मीटरवर पाणी वाटून घेणारे बहुतेक भाडेकरू आणि जुन्या वाड्यांतली माणसं. म्हणजे ज्यांच्यासाठी स्वस्त टप्पा ठेवला, त्यांच्याच हाताला तो लागत नाही. दिल्लीत 2015 पासून महिन्याला 20 हजार लिटर मोफत दिलं, तेव्हा एकाच मोठ्या मीटरवरच्या सोसायट्यांना ते फ्लॅटच्या संख्येने धरलं. असा घरटी हिशेब सगळीकडे व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही मात्र चार वेगळी कनेक्शनं घ्यायची ठरवली.

अर्ज सोपा होता, कागद अवघड. मालमत्ता कराची चालू पावती, जुन्या नळाची थकबाकी नसल्याचा पुरावा आणि आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीची सरकारी नोंद. आखीव पत्रिकेवर सासऱ्यांनंतर आमचे हे, दीर आणि अमरावतीच्या नणंदबाई अशी तिघांची नावं. तिघांचं संमतीपत्र हवं. नणंदबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "वहिनी, हे वाटणीचं तर नाही न?" त्यांचं विचारणं रास्त होतं. मी मजकूर वाचून दाखवला, त्यात "फक्त नळजोडणीसाठी, मालकी हक्काशी संबंध नाही" ही ओळ त्यांच्यासमोर घातली, मग त्यांनी सही केली. ज्यांचा वाडा सामायिक आहे त्यांनी ही ओळ आधीच घालावी. अर्धा वेळ तिथेच वाचतो. भाडेकरूंसाठी मालकांचं वेगळं ना-हरकत पत्र लागलं.

पाहणीला आलेल्या साहेबांनी समोरच्या खोलीतलं शिंपीकाकांचं दुकान पाहिलं आणि विचारलं, "इथे व्यावसायिक वापर आहे का जी?" माझ्या पोटात गोळाच आला, कारण व्यावसायिक दर घरगुतीपेक्षा कितीतरी जास्त. शिंपीकाका दिवसाला एक माठ पाणी घेतात, तेही आमच्याकडून. साहेबांनी दुकानात शिरून चारही भिंती पाहिल्या, नळ नाही याची खात्री केली आणि "दुकानात नळ नाही, वापर निवासी" असं अहवालात लिहिलं. त्या एका ओळीची प्रत मी मागून घेतली. दुकानात खानावळ असती, तर वेगळा दर लावणं मलाही योग्यच वाटलं असतं.

पुढचं काम परवानाधारक प्लंबरचं आणि रस्ता खोदाईचं. खर्च बऱ्यापैकी आला. दिरांचं म्हणणं पडलं, भाडेकरूंचा वाटा भाडेकरूंनी द्यावा. मी नाही म्हटलं. नळ वाड्याला लागतोय, ते उद्या घर सोडून जातील. शेवटी तो वाटा आम्हीच उचलला.

आता आमची 17, दिरांची 14, वरच्या मोठ्या कुटुंबाची 24 आणि आजी-आजोबांची 7 युनिट अशी वेगवेगळी बिलं येतात. बेरीज तीच 62, पण तिसऱ्या टप्प्यात एकही युनिट नाही. फक्त वरच्या सात जणांची 4 युनिट दुसऱ्या टप्प्यात जातात, आणि मे महिन्यात कूलर लागले की आणखी जातील. माणशी 115 लिटर वापरूनही. टप्पा चुलीमागे आला तरी तो अजून माणसं मोजत नाही, हे मला खटकतं. दरावरच्या हरकतीचं पत्र लिहितेय, त्यात रेशन कार्डावरची माणसं धरा अशी मागणी आहे.

मीटर बदलताना एक करा. काळे आकडे युनिटचे असतात, लाल आकडे युनिटच्या आतले. जुन्या मीटरवरच्या शेवटच्या काळ्या आकड्यांचा आणि नव्या मीटरवरच्या पहिल्या आकड्यांचा, मीटर नंबर दिसेल असा, तारखेसह फोटो काढून ठेवा. जुन्या नळाचं शेवटचं बिल आमच्याकडे त्याच फोटोवरून जुळवलं गेलं.