कथास्पर्धांची वही, दिवाळी ते दिवाळी

स्पर्धांना कथा पाठवणाऱ्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दिवाळी अंकांची आवाहनं मार्च-एप्रिलपासून यायला लागतात, जून-जुलैत मुदती संपतात आणि निकालांना ऑक्टोबर उजाडतो. वाचनालयांच्या स्पर्धांचं वेळापत्रक वेगळं. त्यांचे बक्षीस समारंभ बरेचदा 27 फेब्रुवारीच्या आसपास असतात, कारण मराठी भाषा गौरव दिनाला कार्यक्रम हवाच असतो. तर हा हंगाम संपला, म्हणून ही नोंद.

आधी निकाल सांगून टाकते. एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक आला आणि कथा अंकात छापून आली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वाचनालयाच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ मिळालं. बाकी ठिकाणांहून काही नाही. पूर्वी म्हणे 'साभार परत' तरी यायचं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर विजेत्यांची यादी फिरत फिरत येते, तिच्यात आपलं नाव नसलं की आपण समजून घ्यायचं.

दुसरी आलेली कथा 'रेषेआतलं दुकान'. मी चिपळूणची. आमच्याकडे 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 या महापुराच्या तारखा कॅलेंडर न बघता सगळ्यांना आठवतात. 2021 नंतर गावात पूररेषेवरून बराच वाद झाला. नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण 25 वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. कुणाचं घर कुठल्या रेषेत, यावर चहाच्या टपऱ्यांवर तासन्‌तास चर्चा चालायची. मी पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते, तिथेही तेच कानावर पडायचं. त्यातून कथा दिसली: बाजारपेठेतलं वह्या-पुस्तकांचं दुकान, बरोब्बर दोन रेषांच्या मधलं. म्हातारे मालक, आणि 'विका हे आणि पुण्याला चला' म्हणून मागे लागलेली मुलगी.

पुरावरच्या कथा गेल्या काही वर्षांत इतक्या लिहिल्या गेल्या आहेत की परीक्षकांना आता पहिल्या परिच्छेदातच पाण्याचा वास येत असेल. रात्र, वाढतं पाणी, माळा, होडी घेऊन येणारा शेजारी. म्हणून एक अट घालून घेतली: कथेत पुराच्या पाण्याचा थेंबही येऊ द्यायचा नाही. कथा एप्रिलमध्ये घडते, रणरणत्या उन्हात, दुकानाला रंग द्यायचं काम चाललेलं असताना.

पहिला खर्डा तीन हजारांच्या आसपास गेला आणि स्पर्धेची मर्यादा होती दोन हजार. एक हजार शब्द काढायचे म्हणजे विशेषणं वेचून भागत नाही, माणसं काढावी लागतात. आधी जावई गेला. मग मुलीचा पुण्यातला फ्लॅट गेला, त्याच्या हप्त्यांसकट. सगळ्यात जड गेलं ते मालकांचं भाषण. कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीला उतरतं, तिथे वीज होते, आणि तेच पाणी पुढे चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत येतं, हे सगळं ते मुलीला तावातावाने ऐकवतात असा पानभर मजकूर होता. आमच्या गावात हे भाषण प्रत्येकाला पाठ आहे, त्यामुळे लिहिताना हात अडत नव्हता. पण त्या दुपारी, त्या मुलीपुढे, तो माणूस असं काही बोलला नसता. तो शंभरपानी वह्यांचे गठ्ठे मोजत बसला असता. भाषण काढलं आणि मोजणं ठेवलं.

शेवटी उरलं ते रंगाऱ्याचं एक वाक्य. भिंतीवर पाण्याच्या पातळीच्या दोन खुणा आहेत, त्यांवरून ब्रश फिरवू का, असं तो विचारतो. मालक म्हणतात, "तेवढं सोडून मार." मुलगी ऐकते. कथा तिथे संपत नाही, अजून अर्धं पान आहे, पण माझ्या मते ती तिथे घडते.

अंकात 'परीक्षकांचे मनोगत' छापतात, त्यात माझ्या वाट्याला दोन वाक्यं आली. दुकान विकलं की नाही हे लेखिका सांगत नाही आणि वाचकालाही ते विचारावंसं वाटत नाही, असा त्यांचा सूर होता. ते वाचून मी दोन दिवस हवेत.

मग फोन सुरू झाले. दिवाळी अंकात कथेखाली लेखकाचा मोबाइल नंबर छापायची पद्धत किती चांगली आहे हे ज्यांच्या कथा छापून आल्यात त्यांनाच कळेल. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हा वाचक पत्रं लिहीत असतील. आता निवृत्त शिक्षक दुपारी चहाच्या वेळेला थेट फोन करतात. जळगावकडचे एक गुरुजी, सोलापूरच्या एक आजी, आणि आमच्याच पेठेतले एक गृहस्थ, जे 'हे कुणाचं दुकान ते मला माहितेय' असं म्हणून हसत होते. मला अजून कळलेलं नाही त्यांना कुणाचं वाटलं. आणि परीक्षकांचा मान राखून सांगते, यातल्या जवळजवळ प्रत्येकाने पहिला प्रश्न विचारला तो हाच: "ताई, दुकान विकलं का हो शेवटी?"

सासूबाईंनी कथा चष्मा लावून पूर्ण वाचली आणि एवढंच म्हणाल्या, "मुलीला फार कमी बोलायला दिलंस गं." हे मनोगतात नव्हतं, पण खरं निघालं तर पुढच्या कथेला उपयोगी पडेल.

उत्तेजनार्थ बक्षिसाला लोक नाकं मुरडतात. मी समारंभाला गेले. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे म्हणून जाणं-येणं बक्षिसाच्या रकमेत बसलं, वर एक पुस्तक आणि गुलाबाचं फूल. भाषणात 'सत्यकथा'चा उल्लेख आलाच. ते मासिक 1982 साली बंद पडलं, पण कथास्पर्धेच्या व्यासपीठावर अजून नियमित निघतं. मात्र तिथल्या परीक्षकांनी एक गोष्ट केली जी मी कुठे पाहिली नव्हती: प्रत्येक बक्षीसपात्र कथेचा पहिला परिच्छेद स्वतः मोठ्याने वाचला. आपलं वाक्य दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना कुठे श्वास पुरतो आणि कुठे नाही, ते लगेच कळतं. आता मुदतीच्या आधी मी मुलाकडून कथा वाचून घेते. तो पैसे मागतो, पण स्वस्त पडतं.

थोडं व्यवहाराचं. प्रवेश शुल्क घेणाऱ्या सगळ्याच स्पर्धा वाईट नसतात, परीक्षकांचं मानधन कुठून तरी यायला हवं. पण ज्या स्पर्धेचं बक्षीस म्हणजे 'प्रातिनिधिक संग्रहात समावेश' आणि त्या संग्रहाच्या प्रती आपणच विकत घ्यायच्या, तिथे मी पाठवत नाही. परीक्षकांची नावं निकालानंतरही जाहीर करत नाहीत तिथेही नाही. दुसरं, फॉन्ट. काही अंक अजून श्रीलिपीतच, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्येच, मजकूर मागतात. युनिकोडमधून रूपांतर केलं की रफार आणि 'ऱ्य' यांची वाट लागते, त्यामुळे 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' असे शब्द शोधून तपासायचे. सोबत पीडीएफ जोडायची, म्हणजे मूळ काय होतं ते त्यांना दिसतं.

पुढच्या हंगामासाठी दोन गोष्टी हातात आहेत. एक पिग्मी गोळा करणाऱ्या बाईंची, दारोदार फिरून रोजचे दहा-वीस रुपये जमवणाऱ्या. ही हजारात बसेल असं वाटतंय. दुसरी लांबतेच आहे, ती स्पर्धेची नाहीच बहुधा. साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचा विचार डोक्यात आहे, पण पहिल्या पुस्तकाएवढा ऐवज जमायला अजून कथा हव्यात.

तुम्हाला एक विचारायचंय. जवळजवळ सगळ्या नियमांत 'कथा अन्यत्र पाठवलेली नसावी' असं असतं आणि निकालाला चार-पाच महिने लागतात. तोवर तुम्ही कथा अडकवून ठेवता, की अमुक तारखेनंतर कळवून मागे घेता? मागे घेतल्याचं कळवल्यावर पुढच्या वर्षी त्याच अंकाने कुणाची कथा घेतली असेल तर आवर्जून सांगा.