विहिरीसारखं सामर्थ्य

1984 चा जुलै. अजिंक्यतारा तीन दिवस ढगातून बाहेर आला नव्हता. मैदानाचं तळं झालेलं, त्यामुळे आठवीचा आमचा खेळाचा तास बुडाला होता. इंग्रजीचे सर छत्री झटकत वर्गात आले नि म्हणाले, "वी माइट अ‍ॅज वेल डू सम ग्रामर." मग माझ्याकडे बोट. "मराठीत सांग."

माइट म्हणजे सामर्थ्य, वेल म्हणजे विहीर, एवढं पाठ होतं. ठोकून दिलं, "आपण विहिरीसारख्या सामर्थ्याने व्याकरण करू."

वर्ग फुटला. सर मात्र हसले नाहीत. "खेळता येत नाही, घरी सोडता येत नाही. मग बसलोच आहोत, तर व्याकरण तरी करू. त्या 'बसलोच'मधला च आणि पुढचा 'तरी', हे दोन मिळून माइट अ‍ॅज वेल. हौस नाही, पण दुसरं बरं काही हाताशीही नाही."

मग त्यांनी हेच माइट अ‍ॅज वेल असलेली एक इंग्रजी म्हण सांगितली: कोकरासाठी फाशी जायचं, तर मेंढरासाठीच का जाऊ नये? इंग्लंडात 1832 पर्यंत मेंढीचोराला फाशीची शिक्षा होती. माणदेशातून बोर्डिंगात आलेला, घरी मेंढरं असलेला आमचा एक गडी हे ऐकून ताडकन उठला. "मेंढरापायी फाशी? मग सर, आख्खा कळपच न्यायचा की!" म्हण त्याला आमच्या सगळ्यांआधी कळली होती. पुढे सर आमच्यावर वैतागले की "आय माइट अ‍ॅज वेल टॉक टू अ वॉल" म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी, हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

एवढं शिकूनही मी माती खाल्लीच. पुण्यात नोकरीला लागलो. साहेबांनी मुलीच्या लग्नाचं आग्रहाने सांगितलं, आणि मी ऐटीत म्हणालो, "आय माइट अ‍ॅज वेल कम." साहेबांचा चेहरा पडला. 'एवीतेवी रिकामाच आहे, येतो झालं,' असं मी त्यांना सुनावलं होतं! शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नंतर हळूच सांगितलं, तेव्हा लग्नाला जायचीच लाज वाटायला लागली.

दिवाळीत साताऱ्याला आलो तेव्हा सरांच्या घरी जाऊन हे सांगितलं. सर म्हणाले, "च शिकवला, पण तो आमंत्रणाला लावू नये हे सांगायचं राहिलं बघ."

आतून काकूंचा आवाज आला, "आलाच आहेस तर जेवूनच जा रे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघंही कितीतरी वेळ हसत होतो.