तूप कुणाचं

शनिवारी दुपारी पुण्याच्या भाचीनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी पाठवली. दोन दिवस घरात बसून टीव्हीवर काय बघायचं आणि बघता बघता ओव्हनमध्ये काय भाजायचं, याची. वर मथळा 'पावसाळी, ऊबदार वीकेंड'. खाली ढगाचं, कपाचं आणि झोपलेल्या मांजराचं चित्र. मी खिडकीतून बाहेर बघितलं. परभणीत श्रावण लागून आठ दिवस झाले होते आणि आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. ऊबदार हा शब्द पुण्याकडं कौतुकाचा असेल. आमच्याकडं ऊब वर्षातले आठ महिने फुकट मिळते, नको म्हटलं तरी मिळते.

तरी यादी वाचली. पहिलंच नाव 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'. २०१० पासून चालू आहे म्हणे, मला आत्ता कळलं. हिरव्यागार मैदानात पांढरा तंबू आणि त्यात घरी हौसेनं भाजणारी साधी माणसं. स्पर्धा असून एकमेकांच्या मदतीला धावतात. जरा ऊन तापलं की त्यांचं चॉकलेट वितळतं, क्रीम घसरतं आणि चेहरे सुतकी होतात. मे महिन्यात इकडं आणून सोडायला पाहिजे एकेकाला.

आई शेजारी बसून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "तंबूत काहून करूलालेत? घरं नाहीत का त्यांना?"

त्यातली दुसरी फेरी मला फार आवडली. स्पर्धकांना पाककृती देतात, पण अर्धीमुर्धी. किती वेळ भाजायचं, काय आधी घालायचं, ते गाळून टाकलेलं. माणसं घाबरीघुबरी होतात. यात घाबरण्यासारखं काय आहे? आईनं जन्मभर पाककृती अशाच सांगितल्या. मावेल तेवढं पीठ, अंदाजानं मीठ, आणि 'झालं की काढायचं'.

भाजायच्या यादीत केळ्याचा केक, दालचिनीचे रोल वगैरे होते, आणि सगळ्यात शेवटी, बहुतेक मामाची कीव येऊन, नानकटाई.

नानकटाई घरात भाजायची गोष्ट आहे, हेच मला आजवर मनापासून पटलेलं नाही. ती भट्टीवरून आणायची. दिवाळीच्या आधी आई मैदा, रवा, पिठीसाखर आणि तुपाची बरणी घेऊन बेकरीत जायची, आम्ही रिकामा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घेऊन मागं. तूप घरचं. दीड महिना साय साठवून, लोणी काढून कढवलेलं. बेकरीत गावातल्या बायांची ही गर्दी. प्रत्येकीच्या मालाला नंबराची चिठ्ठी. पत्र्यांवर गोळे मांडले जायचे, लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं पत्रे भट्टीत सरकायचे, आणि आपला नंबर येईस्तोवर आम्ही मैद्याच्या पोत्यावर बसल्या बसल्या झोपून जायचो.

१९८९ च्या दिवाळीत डबा घरी आला. आईनं झाकण काढलं, वास घेतला आणि खालीच बसली. "ही आपली नाही. डालड्याची आहे." वडील म्हणाले, नानकटाईसारखी नानकटाई आहे. आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग रविवार आला. तेव्हा आमच्या घरी टीव्ही नव्हता. गल्लीत तो एका काकूंकडं होता, लाकडी शटरचा, पडद्यावर निळी काच लावलेला. वारं सुटलं की मुंग्या यायच्या आणि त्यांचा मुलगा माळवदावर चढून अँटेना फिरवायचा. खालून अख्खी गल्ली ओरडायची, "आलं, आलं! गेलं!" महाभारत सुरू होऊन वर्ष झालं होतं, युद्धाला अजून तोंड लागायचं होतं. त्या दिवशी भाग संपल्यावर काकूंनी ताटलीत नानकटाई फिरवली.

आईनं एक उचलली. दातानं तोडली. मी तिच्याकडंच बघत होतो. तिचं चावणं थांबलं, मग हळूहळू पुन्हा सुरू झालं. "छान झालीय हो," असं म्हणून तिनं घास गिळला.

घराकडं येताना बोळात म्हणाली, "तूप आपलं होतं."

आम्ही दोघं भाऊ तिथूनच माघारी फिरायला निघालो. तिनं दोघांचे दंड धरले. "गप बसा. पुढच्या रविवारी कुठं बघणार आहात?"

२४ जून १९९० ला महाभारत संपलं. आता भांडायला हरकत नव्हती, पण नानकटाई संपून सात-आठ महिने झालेले. पुरावा कुठून आणायचा?

तर ओव्हन. चार वर्षांपूर्वी घेतलेला. त्यात दोन कढया, डोशाचा तवा, उडदाचे पापड आणि कशाचं ते आठवेना असं एक झाकण नांदत होतं. ते सगळं बाहेर काढलं. तूप आणि पिठीसाखर पांढरी होईस्तोवर फेटली. म्हणजे फेटत राहिलो, कारण आमच्या हवेत तूप थिजलेलं राहतच नाही. पहिल्या खेपेला गोळे पसरून एकमेकांना चिकटले, पत्र्यावर एकच मोठी नानकटाई. दुसऱ्या खेपेचे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले, मग १७० वर वीस मिनिटं. टीव्ही चालू होता, पण ओव्हनमध्ये काही असलं की मला समोरचं काही दिसत नाही. तंबूतून कोण घरी गेलं ते अजून माहीत नाही.

वर चिरा पडलेल्या, कडेला जराशा लालसर. एक आईला दिली.

तिनं दातानं अर्धी तोडली. टाळूला लावली. डोळे बारीक केले.

"डालडा घातलास की रे."

तूप मामेभावानं मागच्याच आठवड्यात गावाकडून दिलेलं, त्याच्या घरच्या म्हशीचं. बरणी ओट्यावर समोरच होती.

"हाव," मी म्हणालो.

"तरीच," आई म्हणाली, आणि तिनं दुसरी उचलली.