लहान पाकीट

आमच्या घरी कपाशीचे बियाणे आले की मोठ्या पाकिटासोबत एक लहान पाकीट निघत असे. 450 ग्रॅम बीटी बियाणे, म्हणजे ज्याचे झाड बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करते ते, आणि त्याच्याबरोबर 120 ग्रॅम साधे. हे साधे बियाणे वावराच्या कडेने लावायचे असते, एवढे आम्हाला ठाऊक होते. का लावायचे, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. साध्या पऱ्हाटीवर अळी पडणार, मग जागा कशाला अडवायची, असा हिशेब करून बाबा ते पाकीट बांधावर टाकून देत.

कारण मला बऱ्याच वर्षांनी कळले. बीटी झाडावरही ज्या थोड्या अळ्या तगतात, त्यांच्या पतंगांना तसेच जोडीदार मिळाले तर पुढची पिढी तशीच चिवट निपजते. मात्र शेजारच्या साध्या कपाशीवर वाढलेले पतंग भरपूर असले, तर त्यांच्याशी संकर होऊन बहुतेक संतती पुन्हा बीटीला बळी पडणारी होते. म्हणजे कडेची ती झाडे आतल्या पिकाची ताकद टिकवण्यासाठी होती. 2002 मध्ये देशात बीटी कपाशीला मंजुरी मिळाली आणि 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली बोंडे पोखरली. सगळा दोष टाकून दिलेल्या पाकिटांचा नाही, फरदड घेण्याची, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून आणखी कापूस घेण्याची आमची सवयही त्याला कारण झाली. पण त्या पाकिटांचा वाटा मी नाकारू शकत नाही.

सूचना दरवर्षी आमच्या हातात येत होती, तरी तिचे ज्ञान झाले नाही, कारण कारणावाचून आलेली सूचना जागेची वा पैशाची पहिली अडचण येताच गळून पडते.

न्यायदर्शन ही भारतीय तत्त्वज्ञानाची शाखा प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानते, आणि शेतकऱ्याचा बराचसा हंगाम यांतल्या शब्दावर, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर चालतो. न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनांच्या मते ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा माणूस. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते. मला हे शेवटचे वाक्य फार मोलाचे वाटते. औषध उधारीवर देणाऱ्याला माहिती असेलही, पण त्याचा नफा डब्याच्या विक्रीत असतो. आमच्याकडे निंदणाला येणाऱ्या एका मावशींनी मात्र न उमललेले, गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल दाखवून म्हटले होते, “पोरा, हे फूल नाई उमलत, याच्यात अयी हाये.” मी पाकळ्या उकलल्या तेव्हा आत खरोखरच अळी होती. पुस्तकातली डोमकळी ती हीच. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून अशा कळ्या दिसताच तोडून नष्ट करायच्या असतात. मावशींच्या नावावर सातबारा नाही, त्यामुळे शेतीच्या कोणत्याही बैठकीला त्यांना बोलावणे येत नाही.

आता साधे बियाणे मोठ्या पाकिटातच मिसळून येते, म्हणजे टाकून देण्याचा प्रश्न मिटला. पिकाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. पण शेतकऱ्याला कारण समजावून सांगण्याचे काम त्यामुळे कायमचे टळले, याचे मला वाईट वाटते. म्हणून यंदा पेरणीआधी बाबांना आणि मावशींना ओट्यावर बसवून मी पतंगांची ती सगळी गोष्ट सांगितली. बाबा बराच वेळ हातातले दाणे पाहत राहिले आणि म्हणाले, “एवढं मालूम असतं त कडंच्या चार ओळी सोडल्या असत्या ना.”