विल्यम्सबर्गच्या चिखलात

"चपला काढा, विजारी गुडघ्यापर्यंत वर घ्या आणि या आत," असं त्या दाढीवाल्या माणसानं म्हटलं आणि माझ्या आठ वर्षांच्या नातीनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली मात्र, पोर थेट खड्ड्यात. पाठोपाठ अकरा वर्षांचा नातू. पोटरीपर्यंत तांबडा, थंडगार चिखल. दोघं एकमेकांचे हात धरून, डुलत डुलत तो तुडवायला लागले आणि मला भातलावणीची खाचरं आठवली.

आम्ही उभे होतो अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या अठराव्या शतकासारख्याच जपलेल्या गावाच्या वीटभट्टीवर. लेक-जावई वॉशिंग्टनजवळ राहतात. तिथून गाडीनं तीन-साडेतीन तासांचा रस्ता. जुलैची सकाळ होती, पण हवा कोकणातल्या मे महिन्यासारखी घामेजलेली. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला असल्यामुळे या गावाबद्दल वाचलेलं होतं. मात्र वाचलेलं गाव आणि नातवंडांच्या पायांना लागलेलं गाव यांत फार अंतर असतं, हे त्या दोन दिवसांत कळलं.

सन १६९९ ते १७८० या काळात विल्यम्सबर्ग ही ब्रिटिशांच्या व्हर्जिनिया वसाहतीची राजधानी होती. पुढे राजधानी रिचमंडला गेली आणि गाव मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच त्यातली जुनी घरं वाचली. १९२६ मध्ये तिथल्या ब्रुटन पॅरिश चर्चचे पाद्री गुडविन यांनी जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांना ते गाव दाखवलं आणि जीर्णोद्धाराला सुरुवात झाली. आज सुमारे ३०० एकरांवर ८० हून अधिक मूळच्या इमारती आहेत. बाकीच्या जमिनीत सापडलेल्या जुन्या जोत्यांवर, जुनी कागदपत्रं बघून पुन्हा उभारल्या आहेत. रस्त्यांवरून फिरायला तिकीट लागत नाही, घरांत आणि कारखान्यांत शिरायचं तर लागतं. मुलं बरोबर असतील तर तिकीट काढाच. खरी गंमत आतच आहे.

त्या गावात अठराव्या शतकातल्या वेशातली माणसं कामं करत असतात. ती नुसती सोंगं नाहीत. लोहार, सुतार, छापखानेवाला, चांभार यांतला प्रत्येकजण जुन्या पद्धतीनं, जुन्या हत्यारांनी ते काम शिकलेला असतो आणि त्यांची उमेदवारी कित्येक वर्षं चालते. विटांचंच बघा. मुलांनी तुडवून लोण्यासारखी केलेली माती वाळूत घोळवून लाकडी साच्यात दाबतात, वीट मोकळी करून वाळवतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर भट्टी रचून दिवसरात्र लाकूड घालत भाजतात. त्याच विटा मग गावातल्या बांधकामांना वापरतात. "म्हणजे मी तुडवलेली वीट खऱ्या घरात जाणार?" नातीनं विचारलं. तो माणूस म्हणाला, "जाणार."

मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, तितक्याच साध्या आवाजात. त्या काळी हे काम बहुतेक गुलामांना करावं लागे आणि ओल्या विटा उचलून वाळवणीपर्यंत नेण्याचं काम लहान मुलांचं असे, "तुमच्याएवढ्याच." व्हर्जिनियातल्या जुन्या विटांवर कधीकधी बोटांचे ठसे सापडतात, लहान बोटांचे. नातवाचा पाय चिखलात थांबला. तो काही बोलला नाही.

चाकं करणाऱ्याच्या कारखान्यात माझाच पाय निघेना. माझ्या माहेरी वाड्यामागे सुताराचं घर होतं. बैलगाडीचं चाक कसं जुळतं ते मी लहानपणी तासन्‌तास बघितलेलं. इथे तेच, फक्त लाकडं वेगळी: तुंब्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्याला, एल्म, आऱ्यांना ओक, कडेच्या पुठ्ठ्यांना अ‍ॅश. आमच्याकडे सगळ्याला बाभूळ. लोखंडी धाव तापवून चढवतात आणि पाणी ओततात, तेसुद्धा तसंच. तापलेली धाव फुगते, निवली की आवळते आणि सगळं चाक घट्ट धरते. नातवाला हे समजावताना तुंबा, आरे, पुठ्ठे, धाव हे शब्द मी कितीतरी वर्षांनी तोंडानं उच्चारले. त्यानं ते चारही पाठ केले आणि दिवसभर दिसेल त्या गाडीच्या चाकावर बोट ठेवून म्हणून दाखवले.

शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या दुकानात फळीवर फुलाफुलांच्या नक्षीचं सुती कापड होतं. "हे हिंदुस्तानातलं," त्या लेकीला म्हणाल्या. इंग्रजीत त्याला चिंट्झ म्हणतात, आणि तो आपला छीट हाच शब्द. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून ते लंडनला यायचं आणि तिथून अटलांटिक ओलांडून या गावातल्या बायकांच्या अंगावर.

संध्याकाळी मुख्य रस्त्यावरून, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीटवरून, पावे आणि ढोल वाजवत मुलांचं पथक आलं. १९५८ पासून हे पथक आहे. दहाव्या वर्षी मुलं त्यात येतात आणि अठराव्या वर्षापर्यंत वाजवतात. पूर्वी फक्त मुलगेच असत, आता मुलीही आहेत. पुण्यात याच दिवसांत ढोलपथकांचा सराव सुरू होतो. नदीकाठून येणारा तो आवाज कानात घेऊन मी निघाले होते, त्यामुळे इथली रांग पावलं टाकत जवळ आली तेव्हा छातीत तसंच धडधडलं. नात शेवटच्या ढोलवाल्यामागे पार गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली.

दुसऱ्या दिवशी आधी यॉर्कटाउनला गेलो, कारण ते जवळच आहे आणि मला तिथे नातवाला काही सांगायचं होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १९ ऑक्टोबर १७८१ रोजी ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेनं तिथे शरणागती पत्करली. पाच वर्षांनी तोच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्तानात आला आणि १७९० मध्ये त्यानं टिपूविरुद्ध पेशव्यांशी आणि निजामाशी करार केला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्या मोहिमेत होते. आणि मागे जाऊन बघितलं तर मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि आमचं इंग्रजांशी युद्ध पेटलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विल्यम्सबर्गच्या अष्टकोनी दारूखान्यातली बंदुकीची दारू ब्रिटिश गव्हर्नर डनमोरनं रात्रीत हलवली आणि इथलं गाव खवळलं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेला मराठ्यांपुढे हार मानावी लागली, तेव्हा इथलं युद्ध अजून चालूच होतं. "म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडे?" नातू म्हणाला. मी त्याला फक्त वडगाव कुठे येतं ते सांगितलं: पुण्याहून मुंबईला जाताना, तो दर सुट्टीत ज्या रस्त्यानं येतो त्यावरच.

परतल्यावर पेटन रँडॉल्फ यांच्या घरी गेलो. काँटिनेंटल काँग्रेसचे, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध एकत्र आलेल्या वसाहतींच्या सभेचे, पहिले अध्यक्ष. मोठं, देखणं लाल घर. या घरातल्या माणसांसाठी २७ गुलाम राबत होते. मागच्या स्वयंपाकघरात एका काळ्या स्त्रीनं, त्या काळच्या साध्या जाडसर कपड्यांत, आम्हाला तिथल्या दिवसाबद्दल सांगितलं: उजाडायच्या आधी पेटणारी चूल, घंटी वाजली की धावत जाणं. त्या काळी या गावातली निम्म्याहून जास्त माणसं काळी होती, आणि त्यांतली जवळजवळ सगळी गुलाम. तरीही कित्येक वर्षं इथे येणाऱ्यांना फक्त टोपवाले पुढारी आणि त्यांची भाषणं दिसत. १९७९ नंतर ही बाजू उघडपणे दाखवायला सुरुवात झाली. १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग उभा केला तेव्हा निदर्शनं झाली, भांडणं झाली. मला वाटतं, भांडणं होणं चांगलंच. मुलांना हे दाखवावं का, असा प्रश्न लेकीला आदल्या रात्री पडला होता. मी तिला म्हटलं, त्या घरात त्यांच्याच वयाची मुलं होती. मग यांच्यापासून काय लपवायचं?

शेवटी ब्रे स्कूल. एक लहानसं लाकडी घर. १७६० ते १७७४ या काळात अ‍ॅन वेजर नावाच्या बाईंनी या शाळेत काळ्या मुलांना शिकवलं, त्यातली पहिली पाच वर्षं या घरात. बहुतेक गुलाम, काही स्वतंत्र. ही शाळा लंडनच्या एका धर्मादाय संस्थेची होती आणि शाळेसाठी हे गाव त्या संस्थेला बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुचवलं होतं. हेतू उदात्त नव्हता. धर्म शिकवायचा आणि मालकाची आज्ञा पाळायला शिकवायचं. पण ते शिकवायला आधी वाचायला शिकवावं लागलं. घराच्या लाकडांचा अभ्यास करून ही तीच इमारत असल्याची खात्री पटल्यावर, २०२३ मध्ये ती अख्खी उचलून जुन्या गावात आणून ठेवली.

हजेरीच्या जुन्या याद्यांत मुलांची नावं आहेत, आणि नावापुढे मालकाचं नाव. त्यातला एक आयझॅक बी. तो मोठा झाला आणि १७७४ मध्ये पळून गेला. मालकानं व्हर्जिनिया गॅझेटमध्ये जाहिरात दिली आणि त्यात बजावलं की याला वाचता येतं.

नातीनं खाली बसून सँडलचा पट्टा सारखा केला. तिच्या नखांत आदल्या दिवशीची तांबडी माती अजून होती. "आजी," ती म्हणाली, "वाचता येतं हे त्यांनी पकडायला मदत व्हावी म्हणून लिहिलं?"

"हो."

ती त्या यादीजवळ गेली आणि पहिल्या नावापासून, मोठ्यानं, एकेक नाव वाचायला लागली. नातूही जाऊन तिच्याशेजारी उभा राहिला. सगळी नावं संपेपर्यंत आम्ही निघालो नाही.