गाडीवर एवढं केलंत, मग ती पोसता कशी?

गाडी लावून उतरले की कुणीतरी जवळ येतं. वाकून चाकं बघतं, मडगार्ड आणि टायर यांच्यात किती बोटं जागा उरली आहे ते चाचपतं आणि मग आवाज थोडा खाली आणून विचारतं, "एवढं केलंत खरं, पण याचा विमा परवडतो का? आणि रोजचा खर्च?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आणि इतक्या मनापासून विचारला गेलाय की एकदा नीट बसून उत्तर द्यावंसं वाटतं. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा स्वतःची गाडी असते, हे मला कळतं.

माझी गाडी म्हणजे छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक. १५ इंची चाकांच्या जागी १७ इंची अलॉय, खाली-वर करता येणारं सस्पेन्शन, इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग आणि पुढच्या दोन सीट, एवढेच बदल. परवडतं का? हो, परवडतं. विमा कंपनीपासून मी काही लपवत नाही, आणि कुठलाही पार्ट घेताना त्याच्या मागून येणारा खर्च आधी धरते. यातली पहिली गोष्ट मी फार महागात शिकले.

पहिल्या वर्षी मी चाकं आणि स्प्रिंगा बदलल्या आणि कंपनीला कळवलं नाही. इंजिन तेच आहे, मग कळवायचं काय, असं वाटलं. एका ओल्या वळणावर गाडी घसरली आणि पुढचं चाक कठड्यावर आदळलं. विमा कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, उकिडवा बसला आणि त्यानं चाकामागे बॅटरीचा झोत टाकला. आत लाल रंगाची स्प्रिंग दिसत होती. "ही मूळची नाही ना?" मी नाही म्हटलं. "पॉलिसीत नोंद?" तीही नव्हती. क्लेम नामंजूर झाला आणि दुरुस्तीचे पैसे फेडायला मला आठ महिने लागले. रागाच्या भरात मी विम्याचा अर्ज काढून वाचला. 'मूळ रचनेत काही बदल केले आहेत का' या प्रश्नासमोर माझ्याच हातानं 'नाही' लिहिलेलं होतं.

विम्याच्या करारात हे इतकं महत्त्वाचं का, हे मी नंतर शोधून वाचलं. १७६६ साली लंडनमध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे एक खटला आला. सुमात्रामधल्या एका किल्ल्याच्या गव्हर्नरानं किल्ला शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध विमा घेतला होता. किल्ला फ्रेंचांनी घेतला, आणि विमा देणारा म्हणाला की मला सगळं सांगितलं नव्हतं. धोक्याची माहिती मुख्यतः विमा घेणाऱ्याकडेच असते आणि समोरचा त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून जोखीम घेतो, हे तत्त्व त्या निकालात स्पष्ट झालं. तरीही खटला गव्हर्नर जिंकला, कारण ती परिस्थिती विमा देणाऱ्याला माहीत होती किंवा माहीत असायला हवी होती. मला या निकालाची दुसरी बाजूच जास्त मोलाची वाटते. आपण सांगितलेलं लेखी असलं की पुढे 'आम्हाला कल्पना नव्हती' असं कुणाला म्हणता येत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. पार्ट विकत घेण्याआधी विमा कंपनीला फोन, मग ईमेल. 'अमुक बदल करायचा आहे, हप्त्यात किती फरक पडेल?' कधी फरक अगदी थोडा पडतो, कधी ते सरळ नकार देतात, आणि नकार आधी कळलेला बरा. सीटसाठी मला जवळजवळ काहीच वाढ पडली नाही. ट्यूनिंगसाठी पडली, आणि ते साहजिक आहे. वेग वाढला की जोखीम वाढते. अलॉयवर चोरीचा प्रश्न आलाच. प्रत्येक पार्टचं बिल, बसवण्याआधीचा आणि नंतरचा फोटो, गॅरेजचा शिक्का, सगळं एका फायलीत असतं.

आणखी एक प्रश्न विचारायचाच असतो आणि तोच बहुतेक जण विसरतात: तुम्ही बदलाची नोंद केलीत, पण उद्या तो पार्ट मोडला तर भरपाई कशाची मिळणार, बसवलेल्या पार्टची की मूळच्या साध्या पार्टची? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या नोंदीमुळे पॉलिसी शाबूत राहते. पार्टची किंमत मिळायला तसं कलम लागतं. गाडी पूर्ण गेली तर काय मिळेल, हेही तसंच. काही कंपन्या आधी ठरवलेल्या किमतीवर विमा देतात, बाकीच्या त्या दिवशीचा बाजारभाव लावतात, आणि बाजारभावात तुमच्या मेहनतीला फारशी किंमत नसते. रस्त्याच्या नियमात जे बसत नाही ते मात्र नोंद करूनही तारत नाही. असा बदल मी करत नाही.

हप्ता खाली आणायला मला तीन गोष्टींचा उपयोग झाला: गाडी रात्री बंद जागेत ठेवणं, वर्षाला किती किलोमीटर चालवणार त्याची मर्यादा स्वीकारणं आणि नुकसानीतला पहिला ठरावीक हिस्सा स्वतः भरायची तयारी दाखवणं. तिसऱ्या गोष्टीत सांभाळून. तो हिस्सा मी तेवढाच ठेवते जेवढी रक्कम आज बँकेत पडून आहे. हप्ता कमी दिसावा म्हणून मोठा आकडा लिहायचा आणि अपघात झाल्यावर हातउसने मागत फिरायचं, हे मी जवळून बघितलंय.

आता रोजचा खर्च. इथे सगळ्यात आधी टायर, कारण माझे सर्वाधिक पैसे तिथेच गेले. मूळ टायर १९५/६५ आर१५ होते, आता २२५/४५ आर१७ आहेत (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिम इंचांत). दोन्हींचा बाहेरचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर, म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही. पण टायरची बाजूची भिंत जवळपास १२७ मिलिमीटरवरून १०१ वर आली. गेलेली ही अडीच सेंटिमीटर रबर आणि हवा खड्ड्याचा मार खात होती. आता तो रिमला बसतो. पहिल्या वर्षात एक रिम वाकली, तेव्हा हे गणित मला खरं समजलं.

दुसरा धडा अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचा. गाडी खाली बसवली की चाकांचे कोन बदलतात. लोक चाक आत झुकण्याला, म्हणजे कॅम्बरला दोष देतात, पण टायर खरा खातो तो टो, चाकाचं तोंड सरळ नसणं. चाक पुढे जाता जाता प्रत्येक फेऱ्यात थोडं आडवंही घासत असतं. माझे टायर बाहेरून नवेकोरे दिसत होते. एक दिवस सहज तळहात आडवा फिरवला. एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीच्या दात्यांसारखं. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड बघितली, तर तिथे तारा दिसत होत्या. १४ हजार किलोमीटरमध्ये पुढचे दोन्ही टायर संपले होते. आता उंची एका सुताइतकी बदलली तरी मी आधी अलाइनमेंटला जाते, आणि दर महिन्याला हात फिरवून बघते.

ट्यूनिंगनंतर चढ्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, आणि ते नेहमीच लागतं. साधं पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटून ठोका बसतो; तो ओळखून इंजिन ठिणगीची वेळ मागे नेतं, म्हणजे ज्या ताकदीसाठी पैसे मोजले तीच जाते. मग क्लच. वाढलेला जोर मूळच्या क्लच प्लेटला पेलला नाही. चौथ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा चढायचा, पण गाडीचा वेग वाढत नव्हता. ट्यूनिंगचा भाव विचारताना क्लचचा भावही विचारा, हे मी प्रत्येकाला सांगते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मग लवकर उकळतं, आणि उकळलं की ब्रेक नीट लागत नाही. डॉट ४ मानकाप्रमाणे नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि ३.७ टक्के पाणी मिसळलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. दोन वर्षांनी ते बदलण्यात मी कंजुषी करत नाही. कंजुषी करायची तर वेगात: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो.

या सगळ्यासाठी माझं वेगळं बँक खातं आहे. चार टायर, क्लच, तेलं, वर्षाचा हप्ता, या सगळ्यांची किंमत ते जितके किलोमीटर टिकतात त्याने भागली की एका किलोमीटरचा आकडा मिळतो. महिन्याअखेरीस मीटर बघायचं आणि तेवढी रक्कम तिकडे टाकायची. ज्या महिन्यात टाकता येत नाही, त्या महिन्यात गाडी उभी असते आणि मी बसनं जाते. पार्टसाठी कर्ज कधी काढत नाही. मूळची चाकं, स्प्रिंगा आणि सीट कापडात गुंडाळून ठेवल्या आहेत, कारण विकताना साध्या गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

सध्या माझ्या मनात मोठे ब्रेक आहेत. कंपनीला ईमेल गेलाय, हप्त्यातली वाढ कळली आहे, ती झेपणारी आहे. पण काल मागच्या टायरवरून हात फिरवला, खाचा उथळ झाल्यात. खात्यात चार टायरचे पैसे आहेत, ब्रेकचे नाहीत. तेव्हा ब्रेक पुढच्या वर्षी.